चौथ्या वाफ्याचं पाणी

दुपारी दोन वाजता मुळ्याचं पान किती झुकलं आहे हे मोजायला शाळेच्या कंपासपेटीतला कोनमापक पुरतो. त्याची सपाट बाजू देठाच्या बुडाशी जमिनीला समांतर धरायची आणि पानाची मधली शीर कोणत्या आकड्यावरून जाते ते वाचायचं. रोज पाणी मिळणारं पान त्या वेळी पन्नास-पंचावन्न अंशांवर असतं. सात दिवस पाणी न मिळालेलं पान दहा-बारावर येतं, म्हणजे जवळजवळ मातीला टेकतं. त्या गुरुवारी चौथ्या वाफ्यातलं, सात दिवस पाणी न दिलेलं पान अडतीस अंशांवर होतं.

मी पुन्हा मोजलं. सदतीस. शेजारचं झाड घेतलं. चाळीस.

"तानूमावशी," मी हाक मारली, "हौद गळतो का हो?"

तानूबाई दुसऱ्या वाफ्यात खुरपत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"हौद कशापायी गळंल? संक्रांतीलाच सिमिट लावलंय की."

"मग हा वाफा ओला कसा?"

"वल्ला हाय?" त्या म्हणाल्या, आणि खुरपं जरा जोरात चालायला लागलं.

ही गोष्ट १९९९ सालची. कृष्णाकाठच्या एका शेतकी महाविद्यालयात मी पीएच.डी. करत होते. मागच्या कुंपणाजवळ मुळ्याचे चार वाफे होते, प्रत्येकात चाळीस झाडं. बियाणं एकच, माती एकच, शेणखत तेवढंच. फक्त पाणी वेगळं. पहिल्या वाफ्याला रोज, दुसऱ्याला दिवसाआड, तिसऱ्याला चौथ्या दिवशी आणि चौथ्याला आठव्या दिवशी. पाण्याचा ताण पडला की मुळा स्वतःच्या बचावासाठी तिखट द्रव्यं वाढवतो, त्याचा चोथाही बदलतो. हे सगळं आपल्या आतड्यातल्या जंतूंपर्यंत पोचतं. ते जंतू त्यावर जगतात आणि त्या बदल्यात आतड्याच्या अस्तराला पोसणारी आम्लं तयार करतात. तर, कमी पाण्यावर वाढलेला मुळा खाणाऱ्याच्या पोटाला जास्त मानवतो का? माझा प्रश्न एवढाच होता.

त्यासाठी जंतूही लागत. मुळा वाळवून त्याची पूड करायची, हवा काढून टाकलेल्या बाटलीत ती माणसाच्या ताज्या विष्ठेच्या द्रावणात मिसळायची आणि बाटली शरीराच्या तापमानाला एक दिवस ठेवून तयार झालेली आम्लं मोजायची. विष्ठा निरोगी माणसाची हवी, तीन महिन्यांत जंतुनाशक औषध न घेतलेल्या. मी विद्यार्थ्यांना विचारलं, तर मुलं माझ्याकडे बघेनाशी झाली. तानूबाईंनी मात्र नमुन्याच्या डबीचं झाकण उघडून आत डोकावून पाहिलं आणि म्हणाल्या, "येवढीशीच? माझ्या पोटातलं वायाच चाललंय, घिऊन जावा. पर गावात बोलू नगासा. न्हाई तर म्हनतील, तानी रोज सकाळी कालिजात काय देऊन येती!"

अशी आमची ओळख घट्ट झाली. त्या पन्नाशीच्या असतील. सकाळी आठ ते चार रोजंदारीवर वाफे सांभाळायच्या. हौदातून झारी भरायची, माझ्या तक्त्याप्रमाणे मोजून पाणी द्यायचं, तण काढायचं. माझ्या पाठीमागे काय आहे ते त्यांना सगळं ठाऊक होतं.

माझ्या पाठीमागे जुई होती. पावणेपाच वर्षांची, चिपळूणला माझ्या आईकडे. नवरा, श्रीरंग, मालवाहू जहाजावर. वर्षातले आठ महिने तो समुद्रावर असायचा आणि कुठल्यातरी बंदरातून फोन करून म्हणायचा, "तू ठरवशील ते बरोबर." आमच्या वसतिगृहात मूल ठेवायची परवानगी नव्हती. बाहेर खोली घ्यायची तर दिवसभर तिच्याकडे कोण बघणार? म्हणून नोंदणी होईपर्यंत ती आईकडे राहू दे, असं मी म्हटलं. मग पहिला हंगाम होईपर्यंत. मग हा मुळा निघेपर्यंत. दर दुसऱ्या शनिवारी मी चिपळूणची एसटी धरायची, कुंभार्ली घाट उतरायची, रविवारी दुपारी परत वर चढायची.

"आमच्या गल्लीत जंगमबाईंची खोली रिकामीच हाय," तानूबाई मला दोन वर्षं सांगत होत्या. "म्होरं बालवाडी हाय. माझी सून दिसभर घरात हाय. पोरगी काय हत्ती हाय का सांबाळायला?"

"बघू मावशी. एवढा मुळा निघू दे."

त्या वर्षी दोन गोष्टी झाल्या होत्या. एक म्हणजे, जुईला जूनमध्ये पाच पूर्ण होणार होती आणि आईच्या घरासमोरच्या शाळेत पहिलीचे फॉर्म निघाले होते. आई निवृत्त प्राथमिक शिक्षिका. तारीख पाळणं हा तिचा धर्म. तीन आठवडे ती दर बुधवारच्या फोनवर विचारत होती, "फॉर्म भरू का गं?" आणि मी दर बुधवारी म्हणत होते, "बघू."

दुसरी गोष्ट, जुईचं पोट दुखत होतं. दिवाळीनंतर सुरू झालं. तीन-तीन दिवस पोट साफ व्हायचं नाही, मग बेंबीभोवती कळ यायची. डॉक्टरांनी तपासलं, लघवी तपासली, जंताचं औषध दिलं, पालेभाज्या वाढवा म्हणाले. मी त्याच विषयातली. मी आईला दोनशे पानी वही आणून दिली आणि पट्टीने रकाने आखून दिले. तारीख. सकाळी काय खाल्लं. दुपारी. रात्री. पाणी किती पेले. पोट साफ झालं का. दुखलं का, आणि किती वेळ. आई शिक्षिकेच्या टपोऱ्या अक्षरात रोज भरायची. प्रत्येक खेपेला मी वही चाळायची, आकडे माझ्या कागदावर उतरवून घ्यायची आणि म्हणायची, "आई, चोथा कमी पडतोय. मुळ्याचा पाला घाल तिला." पिशवीत वाफ्यातला मुळा असायचाच. पहिल्या वाफ्यातला, तक्त्यात न धरलेल्या कडेच्या ओळीतला.

आता त्या गुरुवारकडे येते.

मी चौथ्या वाफ्यात गुडघ्यावर बसले आणि झाडाच्या बुडाशी बोट घातलं. वरची माती भुरभुरीत कोरडी होती. दोन पेरं खाली गेल्यावर बोट ओलं झालं. दुसऱ्या झाडाशी तेच. तिसऱ्याशी तेच. दोन ओळींच्या मधे मात्र कितीही खाली गेलं तरी कोरडं. हौद गळत असता तर ओल हौदाकडून सरकत आली असती. ही ओल प्रत्येक झाडाची वेगळी, वाटीएवढी होती.

मी वही मागे उलटली. आठवड्यापूर्वी एकदा, दहा अंश अपेक्षित असताना सत्तावीस आला होता. तेव्हा थोडं आभाळ आलेलं होतं. मी समोर शेरा लिहिला होता : 'ढगाळ.' आणि पुढे गेले होते.

"मावशी, इकडे या."

त्या आल्या. मी ओलं बोट दाखवलं.

"याला पाणी कोण घालतं?"

त्यांनी पदराला हात पुसले. सावकाश, एकेक बोट.

"मी घालती."

"कधीपासून?"

"तुमी लेकीकडं गेला न्हाई का? ह्या खेपंला न्हवं, आदल्या खेपंला. त्या आयतवारपासनं."

"म्हणजे अठरा दिवस झाले."

"आसंल. मोजायचं काम तुमचं."

"किती घालता?"

"येका झाडाला येक वंजळ. जेवनाच्या सुट्टीत. वरनं कोरडी माती लोटायची, न्हाई तर ऊनच पिऊन टाकतंय."

मी रागावणार होते. वाक्यही तयार होतं : मी तुम्हाला तक्ता समजावून सांगितला होता. ते मी बोललेही.

"सांगितला हुता की," तानूबाई म्हणाल्या. "मी काय भैरी हाय? पर याला पानी का द्यायचं न्हाई, त्ये कुटं सांगितलं? पयल्यांदा मला वाटलं, बी नासकं निगालं आसंल. मग वाटलं, न्हाई, झाडं तर चांगली हाईत. पयल्या वाफ्याला पानी न्यायचं तर वाट ह्याच्याच म्होरनं. भरली झारी घिऊन तान्हेल्याम्होरनं जाऊ न्हाई, आसं माझी सासू म्हनायची. निदान हात तरी वला करावा."

"ते माणसांसाठी, मावशी. हा प्रयोग आहे."

"आवो, पंधरा दिस गेली की मी तशीच म्होरनं. खाली मान घालून." त्यांचा आवाज बदलला नाही. खुरप्याचं पातं त्या अंगठ्याने साफ करत होत्या. "पर तुमी रोज दोन वाजता याच्याम्होरं उकिडव्या बसता. त्ये मान टाकतंय, तुमी लिवताय. दुसऱ्या दिशी परत येता. त्ये आनि खाली गेल्यालं असतंय, तुमी आनि लिवताय. मला न्हाई बघवलं. तुमी न्हवता त्या दिशी घातलं."

कुंपणापलीकडून उसाची बैलगाडी चालली होती. ती पुढे गेली. मग मी त्यांना सगळं सांगितलं. ताण म्हणजे काय, तो कशासाठी, बाटल्यांत मी काय शोधते, ते. दोन वर्षांपूर्वी पहिल्या दिवशी सांगायचं होतं ते. त्यांनी नीट ऐकून घेतलं.

"मंजी तान्हेला मुळा पोटाला चांगला का, त्ये बघताय."

"हो."

"आन् मी त्याला पाजलं."

"हो."

"मंजी समदं गेलं."

"चौथा वाफा गेला. आणि चौथ्याशिवाय बाकीच्या तिघांना अर्थ नाही. आता उन्हाळा लागला, पुन्हा पेरता यायचं नाही. पुढच्या जानेवारीत."

तानूबाईंनी तोंडाला पदर लावला. मला वाटलं, त्यांना नोकरीची भीती वाटली असेल. पण पदराआडून त्या म्हणाल्या, "आग्गं आई! आन् पोरगी? मुळा निघाला की आनती म्हनत हुता न्हवं?"

मी कोनमापक कंपासपेटीत ठेवला. पेटीचं झाकण नीट बसत नव्हतं, ते बसवत राहिले.

"बघू," मी म्हटलं.

संध्याकाळी खोलीवर येऊन मी दिवा लावला आणि वह्या काढल्या. प्रयोगाच्या वहीत पानापानावर लाल रेघ मारून लिहिलं : 'या तारखेपासून नोंदीत नसलेलं पाणी.' ते लिहून झाल्यावर हात थांबला. समोर दुसरी वही होती. जुईची. रविवारी मी ती बरोबर घेऊन आले होते, नवी वही तिकडे ठेवून.

काही विशेष ठरवून मी ती उघडली नाही. पण दिवसभर डोक्यात एकच गोष्ट होती. रकान्यात जे नाही, ते कुठे असतं?

मी आलेखाचा कागद घेतला. आडव्या रेघेवर तारखा, उभ्या रेघेवर किती वेळ पोट दुखलं ते. अन्नाचे रकाने या वेळी बाजूला ठेवले. चार महिन्यांत मी ते किती तरी वेळा ताडून पाहिले होते. पालेभाजी खाल्ली त्या दिवशीही दुखत होतं, न खाल्ल्या दिवशीही. आज मी फक्त ठिपके दिले.

ठिपके विखुरलेले नव्हते. त्यांचे पुंजके झाले होते. दोन-तीन दिवस सलग, मग दहा-बारा दिवस काही नाही, मग पुन्हा. मी कॅलेंडर घेऊन वार लावले. जानेवारीतले अकरा, बारा. पंचवीस, सव्वीस. फेब्रुवारीतले आठ, नऊ, दहा. सगळे सोमवारपासून सुरू होणारे. आणि एक सोडून एक सोमवार.

त्या सोमवारांच्या आदल्या दिवशी मी घाट चढलेली असायची.

मग मला समास दिसला. आईने वहीला डाव्या बाजूला शाळेसारखा दीड बोट समास सोडला होता. त्यात पेन्सिलीने, रकान्यांतल्या टपोऱ्या अक्षरापेक्षा बारीक, काहीतरी लिहिलेलं होतं. आकडे उतरवून घेताना माझी पट्टी समासाच्या उजवीकडून सुरू व्हायची.

'सोम. सकाळपासून दाराशी बसली आहे. आंघोळीला उठेना.'

'मंगळ. एसटीचा आवाज आला की पळत जाते. मग पोट धरते.'

'मुळा खाल्ला. म्हणाली, आईने आणलाय म्हणून खाते.'

'आज दुखलं नाही. बुधवार. फोनवर बोलली.'

'जुईच्या आईला सांगावं का? तिचं काम अर्ध्यावर आहे. नको.'

शेवटची ओळ खोडलेली होती. पण आईची पेन्सिल नेहमी टोकदार असते. खोडलं तरी कागदावर वळ राहतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कणसे सरांच्या खोलीत गेले. कणसे सर माझे मार्गदर्शक. उंच, सावकाश बोलणारे, टेबलावर कायम एखादं अर्धवट कापलेलं फळ असायचं. त्या दिवशी पेरू होता. मी वही समोर ठेवली, लाल रेघा दाखवल्या.

"कोण?" त्यांनी विचारलं.

"चूक माझी आहे, सर. ज्यांच्या हातात पाणी होतं त्यांना मी प्रश्न सांगितला नव्हता, नुसता तक्ता दिला होता. त्यांनी झाडाला रोज एकेक ओंजळ घातली. आणि सगळ्यात कोरडा वाफा हौदाला लागून ठेवला."

"आराखडा कुणी काढला होता?"

"मी."

"सही कुणाची आहे?"

"तुमची."

"मग दोघांनी मिळून एक वर्ष भोगू." त्यांनी पेरूची फोड तोंडात टाकली. "शिष्यवृत्ती डिसेंबरपर्यंतच आहे. त्याच्यापुढे मी अर्ज करून बघेन, पण वचन देत नाही. ओंजळ म्हणालात ना? ओंजळ म्हणजे किती?"

"मोजलेली नाही."

"मग मोजा. अठरा दिवस एका माणसाने एका मापाने पाणी घातलंय. ते वाया गेलं नाही, फक्त त्याला नाव नाही. पुढच्या वर्षी त्याचा पाचवा वाफा करा." ते माझ्याबरोबर उठलेच.

हौदापाशी तानूबाई उभ्या होत्या. सरांना बघून त्यांनी डोक्यावरचा पदर सारखा केला.

"मावशी, ओंजळ भरा," सर म्हणाले.

"कशापायी, सायेब? पोलिसात देता काय?"

"भरा तर."

मी मोजपात्रावर नरसाळं धरलं. तानूबाईंनी हौदात हात बुडवले, ओंजळ भरली, वर उचलून क्षणभर थांबल्या. बोटांच्या फटींतून गळायचं तेवढं गळू दिलं आणि मगच नरसाळ्यात सोडली. ब्याण्णव मिलिलिटर. दुसरी अठ्ठ्याऐंशी. तिसरी एक्याण्णव. दहा ओंजळी झाल्या. सगळ्यात कमी सत्त्याऐंशी, सगळ्यात जास्त चौऱ्याण्णव.

सर माझ्याकडे बघून हसले. "तुमची झारी यापेक्षा जास्त चुकते."

"माझं पोट घेतलंय ह्यांनी डबीत," तानूबाई सरांना म्हणाल्या, "आता हात बी घ्या." मग त्यांनी पदर पुढे ओढला. "सायेब, माझं काम जानार न्हाई न्हवं?"

"पाचवा वाफा कोण करणार मग? माझी ओंजळ एवढी भरत नाही."

मी चौथ्या वाफ्यातला एक मुळा उपटला, पाण्यात धुतला आणि सुरीने आडवा कापला. रोजच्या पाण्याचा मुळा कापला की पाणी सुटतं. पूर्ण कोरड्यावर वाढलेला मधे पोकळ होतो, दाताखाली भेंड लागतं. हा भरीव होता. तिघांनी एकेक चकती घेतली. आधी काही वाटलं नाही, मग तिखटपणा नाकापर्यंत चढला आणि तानूबाईंच्या डोळ्यांतून पाणी आलं. की आधीपासून होतं, मला सांगता येणार नाही. पुढच्या वर्षी पाचव्या वाफ्याच्या मुळ्याने बाटल्यांत काय केलं, ते माझ्या प्रबंधात आकडेवारीसह आहे. हे तेव्हा ठाऊक नव्हतं. तेव्हा माझ्या हातात फक्त एक चकती होती.

सर गेल्यावर तानूबाई हौदाच्या कठड्यावर टेकल्या.

"ऱ्हागावला न्हाई तुमी," त्या म्हणाल्या.

"रागावणार होते."

"मग?"

"मावशी, जंगमबाईंच्या खोलीला खिडकी आहे का?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "दोन हाईत," त्या म्हणाल्या. "येक रस्त्याकडंला."

महाविद्यालयाच्या फाटकाशी एसटीडी बूथ होता. शुक्रवार, साडेबारा वाजले होते. मी कधीच या वेळी फोन करत नसे. आईने दुसऱ्या घंटेला उचलला.

"रोहिणी? आज? तू बरी आहेस ना?"

"बरी आहे. आई, तू समासात लिहिलंयस ते मी काल वाचलं."

पलीकडे कुकरची शिट्टी झाली.

"आत्ता वाचलंस होय?" आई म्हणाली. "मला वाटलं, वाचून काही बोलत नाहीस. कामात आहेस म्हणून."

"मी रकाने बघत होते."

"त्याला रकाना नव्हता गं. म्हणून कडेला लिहिलं."

"शेवटचं खोडलंस ते पण वाचलं."

ती एकदम शिक्षिकेच्या आवाजात म्हणाली, "ते सोड. मुळ्याचं काय झालं?"

"बिघडलं. जानेवारीत पुन्हा पेरायचं."

"म्हणजे आणखी एक वर्ष."

"हो."

"बरं. मग असं करू." ती भराभर बोलायला लागली. मला काही बोलावं लागू नये म्हणून ती अशी भराभर बोलते, लहानपणापासून मला माहीत आहे. "फॉर्मची उद्या शेवटची तारीख आहे. मी आत्ताच जाऊन भरून येते. मुख्याध्यापिका माझ्या हाताखालची आहे. जन्मदाखला माझ्याकडे आहेच. इथे तिला काही कमी नाही. पोटाचं काय, लहान मुलांचं दुखतं. तू तिकडे मन लावून कर. तुझ्या बाबांनी तुला शिकवलं ते अर्ध्यावर..."

"आई."

"...सोडायला नाही. एका वर्षाने काय होतंय? बघता बघता..."

फोनजवळ काहीतरी ओढल्याचा आवाज झाला. स्टूल असणार. मग जुईचा आवाज, तोंड रिसीव्हरपासून लांब असताना येतो तसा. "आजी, कोणाय? आज तर बुधवार नाही."

बूथच्या काचेवर लाल आकडे सरकत होते. माझा हात रिसीव्हरवर होता. नखांत चौथ्या वाफ्याची माती होती, वाळून पांढरी झालेली. येता रविवार माझ्या जाण्याचा नव्हता.

"तुझी आई आहे," आई तिला म्हणाली. मग मला, "हं, बोल. भरू ना फॉर्म?"

तीन आठवडे मी ज्या ठिकाणी 'बघू' म्हणत आले होते, ती जागा आली. मी श्वास घेतला.

"नको भरूस, आई," मी म्हटलं. "रविवारी येते मी. जुईला घेऊन जायला."